जागतिक विज्ञानकथा संमेलन व ह्यूगो पुरस्कार

विज्ञानकथांच्या चाहत्यांचे दरवर्षी वेगळ्या शहरात भरणारे आंतरराष्ट्रीय संमेलन (रूढ नाव ‘वर्ल्डकॉन’) आणि त्याच्या सभासदांच्या मतांनी दिले जाणारे पुरस्कार. पहिले वर्ल्डकॉन जुलै १९३९ मध्ये न्यूयॉर्क येथे, तेथील जागतिक प्रदर्शनाच्या निमित्ताने भरले. गटबाजी तेव्हाही होती: प्रतिस्पर्धी मंडळातील सहा चाहत्यांना दारातूनच परत पाठवण्यात आले. फ्रेडरिक पोल हा पुढे नामवंत झालेला लेखक त्यांपैकी एक. युद्धामुळे १९४२ ते १९४५ या काळात संमेलन भरले नाही.

चाहत्यांच्या संमेलनाचा उगम वादग्रस्त आहे. ह्यूगो गर्न्सबॅक याने १९२६ मध्ये ‘अमेझिंग स्टोरीज’ हे मासिक काढले. त्यात वाचकांची पत्रे पूर्ण पत्त्यांसह छापली जात. या पत्त्यांवरून वाचक परस्परांना लिहू लागले आणि त्यातून गावोगावी मंडळे उभी राहिली. न्यूयॉर्कचे काही चाहते ऑक्टोबर १९३६ मध्ये (बहुधा २२ तारखेस) फिलाडेल्फियाच्या चाहत्यांना भेटायला गेले आणि त्या भेटीलाच त्यांनी संमेलन म्हटले. अमेरिकी परंपरा तेच आद्य मानते. ब्रिटिश अभ्यासक ३ जानेवारी १९३७ रोजी इंग्लंडमधील लीड्स येथे भरलेल्या सभेस हा मान देतात. त्या सभेला पुढे विज्ञानकथालेखक म्हणून गाजलेले आर्थर सी. क्लार्क उपस्थित होते. फिलाडेल्फियाची भेट आधीची, हे निर्विवाद. तथापि आगाऊ घोषणा, सार्वजनिक सभागृह आणि ठरलेला कार्यक्रम या कसोट्या लावल्यास लीड्सचा दावा अधिक ग्राह्य वाटतो.

पुरस्कार प्रथम १९५३ मध्ये फिलाडेल्फियाच्या संमेलनात दिले गेले, १९५४ मध्ये खंड पडला आणि १९५५ पासून ते नियमित झाले. ‘ह्यूगो’ हे गर्न्सबॅकवरून पडलेले नाव दीर्घकाळ केवळ बोलीतले होते. ते अधिकृत झाले १९९० च्या दशकाच्या आरंभी. मानचिन्ह म्हणजे उभे अग्निबाण. पहिली मानचिन्हे जॅक मॅक्नाइट या कुशल यंत्रकारागिराने घडवली. अग्निबाणाचा आकार साधारण तोच राहतो, बैठक मात्र दरवर्षी नव्याने घडवली जाते.

कथनसाहित्याचे वर्ग शब्दसंख्येवर ठरतात: ७,५०० शब्दांपर्यंत लघुकथा, ४०,००० पासून पुढे कादंबरी, मध्ये दीर्घकथेचे दोन प्रकार. मतदान पसंतीक्रमाने होते. आपल्याकडील विधानपरिषद निवडणुकीमुळे ही कल्पना परिचित आहे. सर्वांत कमी मतांची कृती बाद करून तिची मते पुढील पसंतीकडे वळवतात. मतपत्रिकेवर ‘पुरस्कार नाही’ हाही पर्याय असतो. २०१५ मध्ये संघटित गटांनी ठरवून नामांकने भरली, तेव्हा सभासदांनी पाच वर्गांत हाच पर्याय निवडला. त्यानंतर नामांकनमोजणीची रीत बदलण्यात आली. २०२३ च्या चीनमधील चेंग्दू संमेलनात काही कृती कारण न देता अपात्र ठरवल्या गेल्या. सभासदांच्या विश्वासावर उभ्या असलेल्या या पुरस्काराला तो मोठाच धक्का होता.

पुरस्कार इंग्रजीपुरते मर्यादित नाहीत. मराठीत प्रसिद्ध झालेली विज्ञानकथाही नियमाप्रमाणे मूळ प्रकाशनाच्या वर्षासाठी पात्र असते, आणि इंग्रजी अनुवाद प्रथम निघेल त्या वर्षासाठी तिला पुन्हा संधी मिळते. २०१५ मध्ये कादंबरीचा पुरस्कार चिनी लेखक लिऊ त्सिशिन यांना मिळाला तो अशा अनुवादामुळेच.