कॅनडा पीआर: निमंत्रण आल्यावर फी आणि कागद, बडोदेकरांसाठी

कॅनडात कायम वास्तव्यासाठी (पीआर) ‘एक्स्प्रेस एन्ट्री’ ही ऑनलाइन निवड पद्धत आहे. तिथून अर्ज करण्याचं निमंत्रण आलं की पूर्ण अर्ज भरायला ६० दिवस मिळतात. मुदतवाढ नाही; दिवस टळले तर निमंत्रण बाद आणि प्रोफाइल पुन्हा पहिल्यापासून. घरोघरी आधी चर्चा होते ती फीची. खरं तर फी हे सगळ्यात सोपं काम, शेवटी दहा मिनिटांत उरकणारं. वेळ जातो तो कागदांत.

कुटुंबात नवरा-बायको आणि २२ वर्षांखालची अविवाहित मुलं येतात. आई-वडील या अर्जात बसत नाहीत. मुलगा सध्या आजीकडेच राहणार असला तरी त्याचं नाव द्यायचं आणि मेडिकलही करायची. नाव वगळलं तर पुढे त्याला स्पॉन्सर करण्याची वाट बहुधा बंद होते.

पहिल्या आठवड्यात दोन कामं हाती घ्या. पोलिस क्लिअरन्स, म्हणजे गुन्ह्याची नोंद नसल्याचं प्रमाणपत्र, १८ पूर्ण झालेल्या प्रत्येकाला लागतं. पासपोर्ट सेवेच्या संकेतस्थळावर ५०० रुपये भरून बडोद्याच्या केंद्राची अपॉइंटमेंट घ्यायची. गेल्या १० वर्षांत दुबईला किंवा आणखी कुठे सलग सहा महिने राहिला असाल, तर तिथलंही हवं. दुसरं काम मेडिकलचं. २१ ऑगस्ट २०२५ पासून ती अर्ज भरण्याआधीच करावी लागते, तीही कॅनडाने नेमलेल्या पॅनेल डॉक्टरकडेच.

आता नावांची भानगड. आपल्याकडे ती हमखास निघते. पासपोर्टवर वडील ‘सुनील’, सेवासदनच्या (बडोदा महापालिकेच्या) जन्मदाखल्यावर ‘सुनीलभाई’, शाळेच्या दाखल्यात आईच्या नावाला ‘बेन’ जोडलेलं. लग्न नाशिकला झालेलं, त्यामुळे विवाह दाखला मराठीत आणि त्यात बायकोचं माहेरचं नाव. दाखला दुरुस्त होत असेल तर उत्तम, पण त्याला वेळ लागतो. तोवर दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं नोटरीसमोर केलेलं प्रतिज्ञापत्र जोडा आणि सोबत चार ओळींचं स्पष्टीकरण द्या. गुजराती-मराठी कागदांचं इंग्रजी भाषांतर लागतं. घरातल्या कुणी केलेलं चालत नाही, मग ती व्यक्ती व्यवसायाने भाषांतरकार का असेना.

नोकरीचं पत्र लेटरहेडवर हवं: हुद्दा, कामाचं स्वरूप, आठवड्याचे तास, पगार. मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या छोट्या कंपन्या ‘इतकी वर्षं काम केलं, वर्तणूक चांगली’ एवढ्यावर भागवतात. त्याचा उपयोग नाही. मसुदा स्वतः टाईप करून न्या, साहेब सही करतात.

बँकेच्या पत्रात खातं उघडल्याची तारीख, सध्याची शिल्लक, सहा महिन्यांची सरासरी आणि थकीत कर्ज, सगळं लागतं. फ्लॅटची किंमत धरत नाहीत, उसने पैसेही नाहीत.

मग फी. ३० एप्रिल २०२४ ला लागू झालेल्या दरांनुसार प्रत्येक प्रौढामागे प्रक्रिया फी ९५० डॉलर आणि कायम वास्तव्याच्या हक्काची फी ५७५ डॉलर, मुलामागे २६०. बायोमेट्रिकचे (बोटांचे ठसे आणि फोटो) माणशी ८५, पण कुटुंबाला जास्तीत जास्त १७०. म्हणजे त्या दरांनी नवरा-बायको आणि एक मूल मिळून ३,४८० कॅनेडियन डॉलर. हे दर दर दोन वर्षांनी एप्रिलअखेर वाढतात, त्यामुळे भरायच्या दिवशी संकेतस्थळावर बघूनच भरा. हक्काची फी नंतर भरता येते, पण मग फाईल तिथेच अडून बसते. एकत्रच भरलेली बरी. अर्ज नाकारला तर हक्काची फी परत मिळते. प्रक्रिया सुरू झाल्यावर प्रक्रिया फी मात्र गेलीच समजा. आदल्या दिवशी कार्डावरचे परदेशी व्यवहार सुरू करा आणि मर्यादा वाढवून घ्या, नाहीतर ऐनवेळी पेमेंट अडकतं. पावतीची पीडीएफ लगेच जपून ठेवा.

बायोमेट्रिकचं पत्र आलं की अहमदाबादच्या व्हीएफएस (व्हिसा अर्जांचं काम बघणारी कंपनी) केंद्रात जावं लागतं. मंजुरीनंतर पासपोर्टही तिथेच जमा करायचे, पत्रात दिलेल्या मुदतीत. हाती आलेल्या कायम वास्तव्याच्या पुष्टीपत्रावर शेवटची तारीख असते. ती साधारणपणे मेडिकल किंवा पासपोर्टच्या मुदतीवर ठरते आणि वाढवून मिळत नाही. कुणाचा पासपोर्ट लवकर संपत असेल तर तो निमंत्रणाची वाट न बघता आत्ताच नवा करून घ्या.