घातक रसायन व तांत्रिक बचावकार्य (ठाणे–नवी मुंबई)

ज्वलनशील, विषारी वा दाहक पदार्थांची गळती आटोक्यात आणणे, तसेच ढिगारा, विहीर, लिफ्ट किंवा ड्रेनेज चेंबरमध्ये अडकलेल्यांना बाहेर काढणे, ही अग्निशमन दलातील खास प्रशिक्षित जवानांची कामे. यांपैकी पहिल्या कामाला जवान ‘हॅझमॅट’ (हॅझर्डस मटेरियल्स, म्हणजे घातक पदार्थ) म्हणतात. हा शब्द अमेरिकी वळणाचा, तर टँकरच्या फलकावरील धोका-संकेताचे ‘हॅझकेम’ हे नाव ब्रिटिश.

या शाखेचा आरंभ कोठे धरावा, याबाबत एकमत नाही. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबई गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजावर स्फोट होऊन अग्निशमन दलाचे ६६ जण मृत्युमुखी पडले. अग्निशमन सेवा दिन त्यांच्या स्मरणार्थ पाळतात आणि परंपराही बहुधा तेथूनच मोजतात. मात्र ते संकट मुख्यतः दारूगोळ्याचे होते. रसायनांचा स्वतंत्र विचार भोपाळच्या वायुदुर्घटनेनंतर (१९८४) कायद्यात उतरला : कारखाने अधिनियमातील १९८७ ची दुरुस्ती, घातक रसायनांच्या निर्मिती-साठवणुकीचे १९८९ चे नियम आणि रासायनिक अपघातांविषयीचे १९९६ चे नियम. त्यामुळे आरंभ येथे धरणे अधिक सयुक्तिक वाटते.

ठाणे–बेलापूर पट्ट्यात कारखाने आधी आले, सिडकोचे शहर (१९७० नंतर) मागाहून; गावठाणे अर्थात दोहोंहून जुनी. येथे महापालिकेच्या दलाखेरीज एमआयडीसीचे स्वतंत्र दल आहे. शिवाय ‘मार्ग’ या परस्पर साहाय्य गटातून कारखाने एकमेकांच्या मदतीला जातात.

टँकर उलटल्याची वर्दी आली की वारा पाठीशी घेऊन, शक्यतो दुर्बिणीतून, आधी टँकरवरचा फलक वाचतात. त्यावरील चार आकडी संयुक्त राष्ट्र क्रमांक पदार्थ सांगतो : १००५ अमोनिया, १०१७ क्लोरीन, १०७५ एलपीजी, १२०३ पेट्रोल. हॅझकेम संकेत कृती सांगतो. ही पद्धत लंडनच्या अग्निशमन दलात १९७० च्या दशकात तयार झाली, असे सामान्यतः मानतात. पेट्रोलचा संकेत ‘३ वाय ई’ असा आहे. ‘३’ म्हणजे फोम वापरा. ‘वाय’ म्हणजे श्वसनसंच घाला, स्फोटक अभिक्रियेचा धोका लक्षात घ्या आणि सांडलेले अडवा, गटारात सोडू नका. ‘ई’ म्हणजे परिसर रिकामा करण्याचा विचार करा. पी, आर, एस, टी या अक्षरांचे पदार्थ भरपूर पाण्याने सौम्य करून वाहू देता येतात; डब्ल्यू, एक्स, वाय, झेड यांचे नाही.

क्लोरीन हवेच्या सुमारे अडीचपट जड असल्याने नाल्यात, तळघरात साचतो. बर्फाचे कारखाने आणि शीतगृहांतला अमोनिया हवेपेक्षा हलका. तरी थंड असताना धुक्यासारखा जमिनीलगत सरपटतो. तो पाण्यात चटकन विरघळतो, म्हणून पाण्याचा बारीक फवारा त्यावर उपयोगी. हाच फवारा क्लोरीनच्या गळक्या तोंडावर मारला तर पत्रा गंजून छिद्र मोठे होते.

श्वसनसंचाला ‘बीए सेट’ म्हणतात. सहा लिटरच्या नळकांड्यात ३०० बार दाबाने सुमारे १,८०० लिटर हवा मावते. मिनिटाला ४० लिटर धरल्यास ती ४५ मिनिटे पुरते, पण हे कागदावरचे गणित. रासायनिक पोशाखात जिने चढणारा जवान याहून बरीच जास्त हवा घेतो. दाब ५५ बारच्या आसपास उतरला की शिट्टी वाजू लागते. मात्र परतीची वाट त्याआधीच धरायची असते.

तांत्रिक बचावात ठाण्याचा अनुभव मुख्यतः इमारतींचा. शीळफाट्याजवळ ४ एप्रिल २०१३ रोजी बांधकाम चालू असलेली इमारत कोसळून ७४ जण दगावले. ठाणे महापालिकेचे ठाणे आपत्ती प्रतिसाद दल (टीडीआरएफ) पुढे शहराबाहेरही जाऊ लागले. २०२० मध्ये भिवंडीत इमारत कोसळली तेव्हा आणि २०२३ मध्ये इर्शाळवाडीवर दरड कोसळली तेव्हा ते तेथे होते. ढिगाऱ्यात हायड्रॉलिक कटर, स्प्रेडर आणि हवेने फुगणाऱ्या उचल-पिशव्या लागतात. कोणी आत जिवंत असल्याची शंका आली, की पोकलेन आणि जनरेटर बंद करून सगळ्यांना गप्प उभे करतात आणि कान देऊन ऐकतात.