तपकिरी बाटली असली म्हणजे झालं?

घाण्याचं जवसाचं तेल तपकिरी काचेत ठेवलं की बाटली केवढीही चालते, हा समज नागपुरात घरोघरी आहे. तो अर्धाच खरा. तपकिरी काच अतिनील आणि बराचसा निळा प्रकाश अडवते. हवा आणि उष्णता अडवत नाही. लिटरच्या बाटलीत 100 मिली तेल उरलं, तर वर 900 मिली हवा असते, म्हणजे जवळपास 190 मिली ऑक्सिजन. शिवाय झाकण उघडलं की ताजी हवा आत. त्यात मे महिन्यातला 45 अंशांचा पारा! मग तेलाला ऑइलपेंटसारखा वास येतो, बाटलीच्या तोंडाशी चिकट पापुद्रा धरतो. असं तेल टाकूनच द्यावं.

अर्धा लिटर तेल आणलंत तर 100 मिलीच्या पाच बाटल्या घ्या, इतवारी बाजारात सहज मिळतील. धुऊन पूर्ण कोरड्या करा. गळ्यापर्यंत भरा, पण 3-4 मिली जागा सोडा, कारण उन्हाळ्यात तेल फुगतं. एक वापरात, बाकीच्या फ्रिजमध्ये.

संत्र्याच्या सालीच्या तेलालाही हेच माप, फक्त रबरी ड्रॉपर लावून ठेवू नका. रबर फुगून चिकट होतं.

जखमा धुवायचं जंतुनाशक हायड्रोजन पेरॉक्साइड मात्र मूळ बाटलीतून दुसऱ्या बाटलीत काढूच नका. त्यातून वायू सुटतो, गच्च भरलेली घट्ट झाकणाची बाटली फुटू शकते.