एअरबॅग मॉड्यूल आणि एअरबॅग कंट्रोल मॉड्यूल: कशात काय धोका?

‘एअरबॅगचं मॉड्यूल गेलंय’ असं मेकॅनिक म्हणाला, तर आधी विचारा: कुठलं? स्टिअरिंगमधलं की गिअर लिव्हरजवळचं?

स्टिअरिंगच्या मधोमध बसतं ते एअरबॅग मॉड्यूल. घडी घातलेली नायलॉनची पिशवी आणि मागे इन्फ्लेटर, म्हणजे ती फुगवायला गॅस तयार करणारा भाग. त्यातल्या इंधनाला ठिणगी देतो स्क्विब. त्याचा रोध साधारण 2 ओहम. सव्वा अँपिअरच्या आसपास करंट क्षणभर मिळाला की पिशवी पापणी लवण्याआधी फुगते. कधी फुगायचं, हे मात्र तिला कळत नाही.

ते ठरवतं कंट्रोल मॉड्यूल. बहुतेक गाड्यांत सेंटर कन्सोलखाली फ्लोअरला घट्ट बोल्ट केलेली ही चपटी डबी. धक्का मोजणारा सेन्सर आतच असतो, समोरच्या आणि बाजूच्या सेन्सरची माहितीही तिच्याकडेच येते. काही मिलिसेकंदांत निर्णय होतो. सीटबेल्ट आवळणारे प्रीटेन्शनरही हीच उडवते. धडकेत बॅटरीची वायर तुटली तरी काम व्हावं म्हणून आतल्या कॅपॅसिटरमध्ये चार्ज साठवलेला असतो. त्यामुळे निगेटिव्ह टर्मिनल काढल्याबरोबर एअरबॅगच्या वायरिंगच्या पिवळ्या कनेक्टरला हात लावायचा नाही; सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेली मिनिटं पूर्ण थांबायचं. घाईतली ही चूक सगळ्यात महागात पडते.

पिशवीचं मॉड्यूल गाडीबाहेर काढलं तरी स्फोटकच. कव्हरची बाजू अंगापासून दूर धरून न्यायचं आणि टेबलावर कव्हर वर करूनच ठेवायचं. उलटं ठेवून उडालं, तर अख्खं मॉड्यूल छताकडे भिरकावलं जाईल. साध्या मल्टिमीटरने त्याचा रोध मोजणं, टेस्ट लॅम्प लावणं तर साफ वर्ज्य.

डबीत स्फोटक नाही. तिची भीती वेगळी: बोल्ट ढिले, कनेक्टर लावलेला आणि इग्निशन ऑन असताना ती आपटली, तर त्या धक्क्याला ती अपघात समजू शकते. बसवताना डबीवरच्या बाणाची दिशा पाहा आणि बोल्ट सांगितलेल्या टॉर्कलाच (जोरानेच) आवळा.

दोन्हींचे रिकॉलही वेगळे. टकाटा या जपानी एअरबॅग कंपनीच्या रिकॉलमध्ये दोष इन्फ्लेटरचा होता. मारुतीने जानेवारी 2023 मध्ये 17,362 गाड्या परत बोलावल्या, त्या एअरबॅग कंट्रोलर, म्हणजे हेच कंट्रोल मॉड्यूल, तपासायला. तो बदलेपर्यंत संशयित गाडी चालवू नका, असंही कंपनीने सांगितलं होतं.

अपघातानंतर नवी पिशवी टाकली, तरी कंट्रोल मॉड्यूलमध्ये धडकेची नोंद राहते. ते बदलावं की नाही, याबाबत कंपनीचं म्हणणं अंतिम माना. काही ठिकाणी मात्र पिशवीच्या जागी स्क्विबइतक्याच रोधाचा रेझिस्टर जोडून कंट्रोल मॉड्यूलला फसवतात आणि डॅशबोर्डवरचा एअरबॅगचा दिवा विझवतात. हा सरळ जिवाशी खेळ आहे. रेझिस्टर नेमका असला तर चावी फिरवल्यावर दिवा नेहमीसारखा लागून विझतो आणि स्कॅनरवरही बिघाडाचा कोड दिसत नाही. म्हणून अपघात झालेली जुनी गाडी घेताना अधिकृत वर्कशॉपमध्ये स्टिअरिंगचं कव्हर उघडून पिशवी खरंच आत आहे का, हे पाहायला सांगा.