खुर्चीपासून गर्भाशयापर्यंत

‘बसणं म्हणजे नवं धूम्रपान’ हे वाक्य इतक्या ठिकाणी वाचलंय की आता ते दिसलं तरी चिडचिड होते. परवा गर्भाशयाच्या कर्करोगावरच्या एका मजकुरातही ते भेटलं, आणि मग राहवेना. कारण नेमक्या याच कर्करोगात ही तुलना तोंडघशी पडते. गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग सिगारेट ओढणाऱ्या स्त्रियांमध्ये, विशेषतः रजोनिवृत्तीनंतर, थोडा कमीच आढळतो! (म्हणून कोणी सिगारेट हातात घेऊ नये, फुफ्फुसं आणि हृदय त्याची वसुली करतातच.) बसण्याशी मात्र या आजाराचा संबंध दिसतो, आणि तो ज्या आडवाटेने जातो ती वाट मला फार आवडते.

आधी एक गल्लत दूर करू. गर्भाशयमुखाचा कर्करोग वेगळा. तो बहुतेक वेळा एचपीव्ही विषाणूमुळे होतो, त्याची लस आहे, गर्भाशयमुखाच्या पेशी तपासणारी पॅप तपासणी आहे. आपण बोलतोय ते गर्भाशयाच्या आतल्या अस्तराबद्दल, जे दर महिन्याला पाळीत गळून जातं. त्याचा कर्करोग पॅप तपासणीत भरवशाने सापडत नाही. तो स्वतःच खूण देतो. पाळी कायमची थांबल्यावर पुन्हा रक्त दिसणं ही ती खूण, आणि रजोनिवृत्तीनंतरच्या सुमारे ९० टक्के रुग्णांमध्ये ती असते. असा रक्तस्राव होणाऱ्या १०० जणींपैकी साधारण ९ जणींनाच कर्करोग निघतो. तरी ‘उष्णता झाली असेल’ म्हणत काढे पीत बसण्याची ही वेळ नव्हे. सोनोग्राफीत अस्तराची जाडी मोजायला काही मिनिटं पुरतात.

आता बसण्याकडे. २०१४ साली ४३ अभ्यासांची एकत्र छाननी झाली. रोजचं बसणं २ तासांनी वाढलं की या कर्करोगाचा धोका सुमारे १० टक्क्यांनी वाढलेला दिसला. आकडा ऐकून दचकू नका. अमेरिकेत १०० पैकी साधारण ३ स्त्रियांना आयुष्यभरात हा आजार होतो; त्यावर १० टक्के म्हणजे ३ चे ३.३.

पण खुर्चीला गर्भाशयाचा पत्ता कळतो कसा?

अस्तरावर दोन हार्मोनांची सत्ता असते. पाळीनंतरच्या दिवसांत इस्ट्रोजेन पेशींना वाढायला लावतं. अंडं बाहेर पडल्यावर प्रोजेस्टेरॉन येतं आणि ही वाढ थांबवून पेशींना कामाला जुंपतं. गाडीला ॲक्सिलरेटर आणि ब्रेक दोन्ही आहेत, तोवर ठीक. १९७५ साली अमेरिकेतल्या दोन संशोधनांनी दाखवून दिलं, की रजोनिवृत्तीनंतर नुसतं इस्ट्रोजेन घेणाऱ्या स्त्रियांमध्ये हा कर्करोग कित्येक पटींनी जास्त होतो. म्हणून गर्भाशय असलेल्या स्त्रीला पुढे त्याच्या जोडीने प्रोजेस्टेरॉनसारखं औषध देऊ लागले.

इस्ट्रोजेनची गोळी न घेताही ब्रेकविना ॲक्सिलरेटरचा हा प्रसंग ओढवतो. रजोनिवृत्तीनंतर अंडाशयातून प्रोजेस्टेरॉन येणं बंद होतं. इस्ट्रोजेन मात्र पूर्ण थांबत नाही, कारण चरबीच्या पेशींत ॲरोमाटेज नावाचं विकर (एन्झाइम) असतं. मूत्रपिंडावर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी पुरुषी वळणाचं एक हार्मोन रक्तात सोडतात. ॲरोमाटेज त्याच्या रेणूत थोडा फेरफार करतं आणि इस्ट्रोजेन तयार! चरबी जितकी जास्त, तितका हा कारखाना मोठा. आणि ब्रेक तर केव्हाच निघून गेलेला.

इथवर बरेच जण सांगतात. माझा लाडका भाग पुढचा आहे. रक्तातलं सगळं इस्ट्रोजेन कामाचं नसतं. यकृत एक प्रथिन बनवतं, सेक्स हार्मोन बाइंडिंग ग्लोब्युलिन, थोडक्यात एसएचबीजी. ते हार्मोनला घट्ट धरून ठेवतं. आणखी बराच हिस्सा अल्ब्युमिन या रक्तातल्या दुसऱ्या प्रथिनाला सैलसर चिकटलेला असतो. पूर्ण मोकळं राहतं ते जेमतेम २ टक्क्यांच्या आसपास, आणि पेशीत सहज शिरतं ते हेच मोकळं. म्हणजे इस्ट्रोजेनचं उत्पादन कणभरही न वाढता, नुसतं एसएचबीजी घटलं तरी अस्तराला जास्त इस्ट्रोजेन मिळतं. आणि एसएचबीजी घटतं कशाने? रक्तात इन्सुलिन चढं राहिलं, यकृतात साखर आणि चरबी साचली, की त्याचं जनुक मंदावतं. शिवाय इन्सुलिन अस्तराच्या पेशींना थेटही वाढीचा इशारा देतं. जन्मजात जनुकांमुळे ज्यांचं उपाशीपोटीचं इन्सुलिन जास्त असतं, त्यांच्यात हा कर्करोग जास्त दिसतो, असं २०१५ च्या एका अभ्यासात आढळलं. जनुकं काही बसून राहिल्याने बदलत नाहीत, म्हणून हा पुरावा वजनदार.

आणि इन्सुलिन चढतं कशाने, तर इथे येते खुर्ची. मांडीचा, पोटरीचा स्नायू आकुंचन पावतो तेव्हा पेशीच्या पोटातले ग्लूट-४ नावाचे दरवाजे पृष्ठभागावर येतात आणि साखर आत शिरते, इन्सुलिनने हाक मारलेली नसतानाही. बसलेल्या माणसाचे हे सर्वांत मोठे स्नायू गप्प असतात; मग सगळा भार इन्सुलिनवर. २०१२ च्या एका प्रयोगात दर २० मिनिटांनी फक्त २ मिनिटं चालायला लावलं, तेवढ्यानेही गोड पेयानंतरची साखर आणि इन्सुलिन दोन्ही लक्षणीय उतरली.

साखळी सुंदर आहे, म्हणूनच जपून. १९५३ साली ब्रिटिश साथरोगतज्ज्ञ जेरेमी मॉरिस यांनी लंडनच्या दुमजली बसमधले चालक आणि वाहक तपासले. दिवसभर बसणाऱ्या चालकांना हृदयविकार जास्त, जिने चढणाऱ्या वाहकांना कमी. मग १९५६ मध्ये त्यांनी गणवेशाच्या विजारींची मापं काढली, आणि घोटाळा झाला: चालकांची कंबर तरुण वयातही रुंद होती. बसून जाड झाले, की जाड होते म्हणून बसायची नोकरी धरली?

आपल्या विषयातही हाच पेच आहे. टीव्हीसमोर बसण्याचा संबंध एकूण बसण्यापेक्षा ठळक दिसतो, पण टीव्हीसमोर हात आणि तोंड रिकामं नसतं. वजन हिशेबात धरलं की बसण्याचा वाटा आकसतो. २००४ साली १७३ बैठ्या, वजन जास्त असलेल्या, रजोनिवृत्ती झालेल्या स्त्रियांवर वर्षभराचा प्रयोग झाला. काहींना नियमित व्यायाम, काहींना नुसते अंग ताणण्याचे (स्ट्रेचिंगचे) व्यायाम. वर्षअखेर इस्ट्रोजेन खरोखर उतरलं ते व्यायाम करून चरबीही घटलेल्या स्त्रियांचं. व्यायाम केला पण चरबी हलली नाही, त्यांचं इस्ट्रोजेनही फारसं हललं नाही.