सावर क्रीम आणि क्रीम चीज: जाळं कुणाचं, भोपळा कुणाचा

हॅलोविनच्या पार्टीतल्या डिपवर, म्हणजे चिप बुडवून खायच्या घट्ट चटणीवर, मी पहिल्यांदा कोळ्याचं जाळं काढायला गेले, तेव्हा ते उमटलंच नाही. खरं तर काम सोपं. हिरव्यागार ग्वाकामोलेवर (अवोकाडो कुस्करून केलेल्या डिपवर) पांढरी वर्तुळं काढायची, मध्यापासून कडेपर्यंत टूथपिक ओढायची, झालं जाळं. पण ऐन वेळी फ्रीजमध्ये सावर क्रीम नव्हतं, क्रीम चीज होतं. दोन्ही पांढरी, दोन्ही आंबूस, दोघांच्या नावात क्रीम. म्हटलं, थोडं दूध घालून सैल केलं की काय फरक पडतोय! पिशवीच्या कोपऱ्यात गुठळी अडकली, जोरात दाबलं तर भसकन गोळा पडला. टूथपिक ओढली तर रेघेला टोक यायचं सोडून अख्खी रेघच फरफटत आली. शेवटी सगळं चमच्यानं पसरलं आणि वर काळ्या ऑलिव्हचे दोन डोळे ठेवले. एका छोट्या मुलीनं विचारलं, "काकू, हा ढग आहे का?" म्हटलं, "भूत आहे." खपून गेलं.

उलटी चूकही मी केली आहे, ती पुढे येईलच.

या दोघांची सुरुवात अगदी एकसारखी होते. पाश्चराइज केलेल्या क्रीमला किंवा दूध-क्रीमच्या मिश्रणाला लॅक्टिक आम्ल तयार करणाऱ्या जिवाणूंचं विरजण लावतात. आम्लता वाढत जाते, पीएच (आम्लतेचं माप, आम्लता वाढली की हा आकडा उतरतो) ४.६ च्या आसपास उतरला की दुधातलं केसीन हे प्रथिन एकमेकांना धरून बारीक जाळी बनवतं आणि पातळ होतं ते घट्ट बसतं. इथपर्यंत दोघं सख्खी भावंडं. सावर क्रीम इथेच थांबतं. पाणी, स्निग्धांश, प्रथिनं, जे होतं ते सगळं त्या जाळीत जागच्या जागी राहतं. क्रीम चीज पुढे जातं. ते विरजलेलं मिश्रण गरम करून त्यातली निवळी काढून टाकतात. कारखान्यात हे काम वेगानं फिरणाऱ्या सेंट्रिफ्यूजवर होतं. मागे राहिलेल्या घट्ट भागात मीठ आणि बहुतेक वेळा कॅरोब किंवा ग्वारच्या बियांचा गम घालतात, गरम असतानाच ते वेष्टनात भरतात, आणि गार होताना त्याची वडी बनते.

म्हणजे एकात पाणी ठेवलेलं आहे, दुसऱ्यातून काढलेलं आहे. पार्टीच्या टेबलावर दोघं जे काही वेगळं वागतात ते सगळं यातूनच येतं. अमेरिकेतल्या नियमांत हे आकड्यांत दिसतं. तिथे सावर क्रीम म्हणवून घ्यायला किमान १८ टक्के दुधाचा स्निग्धांश लागतो. क्रीम चीजला किमान ३३ टक्के लागतो, आणि त्यातलं पाणी ५५ टक्क्यांच्या वर जाऊन चालत नाही. साध्या सावर क्रीममध्ये ७० टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. (फिलाडेल्फिया या ब्रँडच्या नावाचा क्रीम चीजशी संबंध १८८० पासूनचा आहे, पण ते बनायचं न्यूयॉर्क राज्यात. फिलाडेल्फियाचं नाव फक्त दर्जाची छाप म्हणून चिकटवलेलं.)

आता जाळं. सावर क्रीम ढवळलं की सैल होतं आणि ठेवलं की पुन्हा बऱ्यापैकी स्थिर बसतं. जाळ्याला नेमकं हेच हवं असतं. पिशवीतून दाबताना वाहायला हवं, डिपवर पडल्यावर थांबायला हवं, आणि टूथपिक फिरली की तेवढंच हलायला हवं. तीन-चार टेबलस्पून सावर क्रीम वाटीत घेऊन अर्धा मिनिट चांगलं फेटा. फारच घट्ट वाटलं तर एक टीस्पून दूध, त्याहून जास्त नको. झिप लावायच्या छोट्या पिशवीत भरा आणि कोपरा अगदी दोन-तीन मिलिमीटर कापा. लोक इथे हमखास जास्त कापतात आणि मग कोळ्याऐवजी गोगलगाय फिरून गेल्यासारखं दिसतं. मध्ये एक ठिपका, भोवती बोटभर अंतरानं चार-पाच वर्तुळं. मग टूथपिक मध्यापासून बाहेर, आठ वेळा, आणि दर वेळी टोक पुसायचं. हे पुसणं टाळलं की तिसऱ्या रेघेपासून हिरवं पांढऱ्यात मिसळायला लागतं. वर्तुळं नेमकी गोल आली नाहीत तरी हरकत नाही, टूथपिक फिरल्यावर सगळं कोळ्याच्या नावावर जातं.

कोळी काळ्या ऑलिव्हचा. एक ऑलिव्ह उभा अर्धा कापून पालथा ठेवला की पोट तयार. दुसऱ्या अर्ध्याच्या पातळ चकत्या आडव्या कापल्या की वाकडे पाय मिळतात. आठच लावा, सहा पायांचा कोळी मुलं लगेच पकडतात.

खालचा थर मात्र घट्ट आणि गार हवा. साल्सावर, म्हणजे टोमॅटोच्या पातळ चटणीवर, जाळं काढलं तर पाच मिनिटांत पांढऱ्याची गुलाबी होऊन रेघा बुडतात. ग्वाकामोले किंवा वाटलेल्या बीन्सचा थर उत्तम. ग्वाकामोलेची अडचण वेगळीच. अवोकाडोमधलं पॉलिफेनॉल ऑक्सिडेज हे एन्झाइम हवेतल्या ऑक्सिजनच्या मदतीनं त्याला तपकिरी करतं. लिंबाच्या रसानं हे मंदावतं, थांबत नाही. म्हणून जाळं काढेपर्यंत प्लॅस्टिकची फिल्म थेट ग्वाकामोलेला चिकटवून ठेवायची, भांड्याच्या तोंडावर ताणून नव्हे. टेक्स-मेक्स (टेक्सास-मेक्सिकोच्या मिश्र) धाटणीचं सात थरांचं डिप करत असाल तर त्यात सावर क्रीमचा अख्खा थर असतोच. तो सगळ्यात वर घेतला तर पांढऱ्यावर पांढरं जाळं दिसणार नाही. तिथे काळ्या बीन्सची गाळलेली पेस्ट पिशवीत भरून काळं जाळं काढता येतं, आणि मला विचाराल तर तेच जास्त भीतिदायक दिसतं.

सावर क्रीमचा अवगुणही त्या पाण्यातच आहे. एकदा ढवळून त्याची जाळी मोडली की पाणी हळूहळू सुटायला लागतं, आणि खालच्या थरातलं मीठ ते ओढून घेतं. सकाळी काढलेल्या जाळ्याला संध्याकाळपर्यंत प्रत्येक रेघेभोवती ओलसर कड आलेली असते. बाकी डिप आधी करून ठेवा, जाळं पाहुणे येण्याच्या तासाभरात.

भोपळा हे क्रीम चीजचं राज्य. आयर्लंड-स्कॉटलंडमध्ये आधी सलगम कोरायचे, तिथून अमेरिकेत गेलेल्यांना भोपळा मिळाला आणि तोच हॅलोविनचा चेहरा झाला. टेबलावरचा खायचा भोपळा म्हणजे चीज बॉल. आठ औंसांच्या, म्हणजे साधारण २२६ ग्रॅमच्या, दोन वड्या क्रीम चीज, दोन कप किसलेलं शार्प चेडर, बारीक चिरलेली कांद्याची पात, पॅप्रिका, मिरपूड. मळून गोळा करायचा, फिल्ममध्ये गुंडाळायचा आणि त्यावर चार रबरबँड असे चढवायचे की सगळे वर आणि खाली एकाच ठिकाणी एकमेकांना छेदतील. दोन तास फ्रीजमध्ये. रबरबँड कापून फिल्म सोडली की गोळ्यावर भोपळ्याच्या फोडींसारख्या खाचा पडलेल्या असतात. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मी एकटीच स्वयंपाकघरात "अरे वा!" म्हणाले होते. मग चुरलेल्या केशरी चीज पफ्सच्या भुग्यात घोळवायचा आणि वर ढोबळ्या मिरचीचा देठ खोचायचा. भुगा अगदी शेवटी, नाहीतर तो ओलावा पिऊन मऊ पडतो.

तर ती उलटी चूक. भोपळा फार कडक होतो, चिप घातली की चिप तुटते, असं वाटून मी एका वर्षी त्यात एक कप सावर क्रीम मळलं. फ्रीजमधून काढला तेव्हा भोपळा देखणा होता. फोटो काढून होईपर्यंत तो कडेनं बसायला लागला आणि अर्ध्या तासात देठ आडवा. क्रीम चीजला उभं ठेवणारी गोष्ट म्हणजे त्याच्यात नसलेलं पाणी, आणि मी ते कपभर परत घातलं होतं. चिप तुटते तर बाजूला सुरी ठेवावी. (सुरीनं खायचं ते डिप कसलं, असं म्हणणारे भेटतात. त्यांना जाळ्याकडे पाठवावं.)

क्रीम चीज वापरताना एकच पथ्य, पण ते पाळाच: फ्रीजमधून काढल्यावर अर्धा-पाऊण तास बाहेर ठेवून मऊ करा आणि आधी ते एकटंच फेटा. पूर्ण गुळगुळीत झाल्यावरच त्यात पातळ काही घाला. थंड स्निग्धांश कडक असतो. त्यात दूध ओतलं की गुठळ्या दुधात तरंगतात आणि कितीही फेटलं तरी फुटत नाहीत. माझ्या त्या ढगाचं मूळ दुखणं हेच होतं.

ओव्हनमध्ये जाणारं डिप असेल, उदाहरणार्थ पालक-आर्टिचोकचं, किंवा पावाचा गोल लोफ पोखरून त्यात भरलेलं, तर पाया क्रीम चीजचाच हवा. ते बनतानाच गरम झालेलं असतं, गमनं बांधलेलं असतं, म्हणून बुडबुडे येईपर्यंत भाजलं तरी टिकून राहतं. नुसतं सावर क्रीम जोरात तापलं की त्याची प्रथिनं आवळतात, पाणी बाहेर पडतं आणि रवाळ फुटलेलं डिप हाती येतं. सावर क्रीमची चव हवीच असेल तर भांडं आचेवरून उतरवल्यावर ढवळा.

कांद्याच्या डिपचं मात्र उलटं. अमेरिकेत १९५० च्या दशकात घराघरांत पोचलेलं डिप म्हणजे सावर क्रीममध्ये सुक्या कांद्याच्या सूपचं पाकीट. सुका कांदा तासाभरात त्यातलं पाणी पिऊन मऊ होतो आणि डिप आपोआप हवं तेवढं घट्ट बसतं. हेच क्रीम चीजमध्ये केलं तर कांद्याला प्यायला पुरेसं पाणीच मिळत नाही, दाताखाली करकरत राहतो.

रंगांचा खेळ करताना दोघांची आंबटाई लक्षात ठेवा. जांभळं रताळं किंवा ब्लूबेरी घालून भुताटकीचा जांभळा करायला जावं तर तो गुलाबीकडे झुकतो, कारण त्यातलं अँथोसायनिन आम्लात लालसर होतं. रक्तासाठी मग ते सोयीचंच, किंवा भाजून वाटलेलं बीट. काळ्यासाठी अ‍ॅक्टिव्हेटेड चारकोल घालायची टूम निघाली होती, पण तो पोटात औषधंही शोषून घेतो आणि पार्टीत कोण कोणतं औषध घेऊन आलंय ते आपल्याला कुठे ठाऊक असतं! काळे बीन्स बरे.

गोड डिप हवं असेल तर विचारायलाच नको, क्रीम चीज. एक वडी, पिठीसाखर, भोपळ्याचा गर, दालचिनी-जायफळ-आलं-लवंग यांची पूड. सोबत सफरचंदाच्या फोडी आणि आल्याची बिस्किटं. गराचा डबा उघडण्याआधी लेबल मात्र वाचा. शेजारीच ‘पाय फिलिंग’चा (पाय या गोड पदार्थात भरायच्या सारणाचा) डबा असतो आणि त्यात साखर-मसाला आधीच घातलेला असतो. गरही कागदी टॉवेलवर पसरून थोडा टिपून घ्या. पाण्याचा हिशेब इथेही सुटत नाही.

लेबलांचंच निघालं म्हणून: अमेरिकेत क्रीम चीजच्या शेजारी नूशातेल नावाची तशीच वडी मिळते. तिच्यात स्निग्धांश २० ते ३३ टक्क्यांच्या दरम्यान आणि पाणी ६५ टक्क्यांपर्यंत. डिपला चालते, उभ्या भोपळ्याला नाही. डब्यातलं फेटलेलं क्रीम चीजही तसंच, त्यात हवा भरलेली असते.

टेबलावर दोघांनाही मुदत एकच. दुग्धजन्य डिप खोलीच्या तापमानात दोन तासांपेक्षा जास्त ठेवायचं नाही, आणि हवा ३२ अंश सेल्सिअसच्या वर असेल तर एकच तास. मोठ्या बोलमध्ये बर्फ घालून त्यात डिपचं भांडं बसवलं तर ते जास्त वेळ गार राहतं आणि बर्फावर प्लॅस्टिकचे कोळी सोडायला जागाही मिळते. कोरलेल्या खऱ्या भोपळ्यात डिप ओतायचा मोह झाला तर आत काचेची वाटी ठेवा, भोपळा आतून पाणी सोडतो.

मी आता भोपळा एकाच मोठ्या गोळ्याचा करत नाही, दोन लहान करते. एक टेबलावर, दुसरा फ्रीजमध्ये. जाळ्याचं डिप तर त्याच रात्री चाटूनपुसून संपतं, कारण टूथपिकनं काढलेलं कुणालाच मोडवत नाही आणि एकानं चिप घातली की सगळे तुटून पडतात. फ्रीजमधल्या भोपळ्याची पाळी पुष्कळदा येतच नाही. मग १ नोव्हेंबरला सकाळी तो गरम टोस्टवर लागतो, देठ बाजूला काढून.