दिव्याच्या पुशबटणाला पाच टर्मिनल्स का?

मायक्रोकंट्रोलरच्या (प्रोग्रॅम करता येणाऱ्या छोट्या चिपच्या) छंदासाठी पॅनेलवर बसवायचं दिव्याचं पुशबटण घेतलं, की त्याच्या पाठीमागे बहुतेक वेळा पाच टर्मिनल्स दिसतात: कॉमन (सामाईक), एनओ (बटण दाबल्यावर कॉमनला जोडला जाणारा), एनसी (दाबल्यावर कॉमनपासून तुटणारा) आणि दिव्याचे प्लस-मायनस. स्विच आणि दिवा राहतात एकाच घरात, पण त्यांचा आपसांत विजेचा संबंध नसतो. बटण दाबलं म्हणून दिवा लागत नाही. तो लावायचा की नाही हे प्रोग्रॅम ठरवतो. नवख्याला ही अडचण वाटते. मला मात्र या बटणाची सगळी किंमत त्या तुटलेपणातच दिसते, आणि ते मायक्रोकंट्रोलरच्या फार आधीपासूनचं आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस टेलिफोनच्या स्विचबोर्डांवर, रिंग येताच खाली पडणाऱ्या छोट्या झडपांच्या जागी इवलेसे दिवे येऊ लागले. विसाव्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेतल्या कचेऱ्यांमध्ये अनेक लाइनींचे फोन आले, तेव्हा दिवा थेट पारदर्शक बटणाखाली गेला. स्थिर उजेड म्हणजे लाइन कुणीतरी वापरतंय, लुकलुक म्हणजे रिंग येतेय, वेगळ्या लयीची लुकलुक म्हणजे कुणीतरी होल्डवर आहे. बोट माणसाचं, उजेड मात्र यंत्रणेचा. १९६४ साली जाहीर झालेल्या आयबीएम सिस्टीम/३६० या संगणकाच्या कन्सोलवर हे आणखी ठसठशीत दिसतं: पॉवर-ऑन बटणाचा दिवा वीजपुरवठ्याचे सगळे टप्पे पूर्ण झाल्याचं सांगायचा, नुसतं बटण दाबल्याचं नाही.

त्या काळचे दिवे तारेचे होते आणि त्यांची भूक मोठी होती. पॅनेलवर सर्रास वापरला जाणारा ३२७ क्रमांकाचा बल्ब २८ व्होल्टवर ४० मिलिअँपिअर घेतो, म्हणजे एक वॅटहून जास्त. साधं टीटीएल गेट (त्या काळच्या डिजिटल चिपमधला घटक) १६ मिलिअँपिअर ओढू शकतं, म्हणून मध्ये ट्रान्झिस्टर किंवा ७४०६ सारखी ड्रायव्हर चिप लागायची. शिवाय तार जळाली की बंद दिवा खोटं बोलू लागतो. म्हणून मोठ्या पॅनेलवर ‘लॅम्प टेस्ट’चं वेगळं बटण असे: ते दाबलं की सगळे दिवे एकदम लागायला हवेत.

१९६२ मध्ये निक होलोन्याक यांनी डोळ्यांना दिसणारा लाल एलईडी दाखवला. आपला नेहमीचा ५ मिलिमीटरचा एलईडी आजही टी-१¾ म्हणून ओळखला जातो. हे माप बल्बचं आहे, इंचाच्या आठव्या हिश्शात मोजलेलं, आणि तो ३२७ क्रमांकाचा बल्बही याच मापाचा. तेजस्वी निळ्या एलईडीसाठी १९९० च्या दशकापर्यंत थांबावं लागलं. त्या कामाबद्दल आकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. हा निळा आल्यावरच पांढऱ्या आणि आरजीबी (लाल-हिरवा-निळा मिसळून हवा तो रंग देणाऱ्या) एलईडीची बटणं शक्य झाली.

२००५ मध्ये इटलीतल्या इव्रेआ इथे आर्डुइनो (मायक्रोकंट्रोलरचा वापरायला सोपा बोर्ड) सुरू झालं आणि कारखान्यांसाठी घडलेली ही बटणं छंदवाल्यांच्या हाती आली, सोबत कारखान्यांचे १२ आणि २४ व्होल्टही घेऊन. समजा, २४ व्होल्टला २० मिलिअँपिअर मिळावेत म्हणून आत सुमारे १,१०० ओहमचा रेझिस्टर आहे. ५ व्होल्टच्या पिनला जोडल्यावर लाल दिव्यातून जेमतेम पावणेतीन मिलिअँपिअर वाहतील. निळ्या एलईडीलाच सुमारे ३ व्होल्ट लागतात, त्यामुळे ३.३ व्होल्टच्या ईएसपी३२ किंवा पिको या बोर्डांवर तो जवळपास अंधारच. बटण खराब आहे असं समजून ते फेकून देण्याआधी त्याच्यावर छापलेला व्होल्टेज वाचावा. योग्य पुरवठा वेगळा देऊन मायनस बाजूला एनपीएन ट्रान्झिस्टर किंवा मॉसफेट (पिनच्या इशाऱ्यावर चालणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) लावला आणि त्या पुरवठ्याचा व बोर्डाचा ग्राउंड एकत्र केला, की पिन सुखरूप राहते. स्विचची बाजू त्याहून सोपी: कॉमन ग्राउंडला, एनओ पिनला, आणि पिनवर चिपमधलाच पुल-अप (बटण दाबलेलं नसताना पिनला वरच्या व्होल्टेजवर धरून ठेवणारा रेझिस्टर). इथे २४ व्होल्ट येऊच द्यायचे नाहीत.